सभेंत बोलण्याची तयारी

वक्ता जन्मावाच लागतो, अशी एक समजूत आपल्या घरांतून फार रुजलेली आहे. माझ्या पुतण्याची बढती गेल्या वर्षीं हुकली ती याच समजुतीपायीं. काम चोख, पण वरिष्ठांपुढें तें मांडतांना तोंडाला कुलूप!

त्याला मी गोपाळ कृष्ण गोखल्यांची हकीकत सांगितली. १९०२ च्या मार्चांत कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. सरकार शिल्लक दाखवून भरभराटीचा डौल मिरवीत होतें. ती शिल्लक म्हणजे रयतेवरील जादा कराचा पुरावा आहे, हें गोखल्यांनीं आंकड्यांनींच दाखवून दिलें. यामागें सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठीं रानड्यांच्या देखरेखीखालीं लिहिण्याची अनेक वर्षांची शिस्त होती. शिवाय आंकड्यांसाठीं गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य मागण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

हल्लीं पडद्यावर तक्ते दाखवून बोलण्याची चाल आहे. तिला माझा विरोध नाहीं. मात्र पडद्यावरचा मजकूरच वाचून दाखविणाऱ्याकडे कोण लक्ष देणार?

पुतण्या आतां रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटें आजीपुढें बोलतो. त्याच्या धंद्यांतलें तिला कांहींएक कळत नाहीं, म्हणूनच ती परीक्षक! तिनें “म्हणजे काय रे?” म्हटलें कीं तें वाक्य तो नव्यानें बांधतो. पहिल्या रात्रीं तिनें सात वेळां टोकलें, काल दोनदांच.