आजी, सेट-टॉप बॉक्स आणि किल्ली

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लिहिताना अजून धडधडतं. पण विषय घरचाच आहे, सांभाळून घ्या!

आमचं घर शिरूरला. पूर्वी केबलची एक वायर घरात आली की स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालायचे. खाली बाबांच्या बातम्या, वर आजीची मालिका. मग सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं. पुण्याला मुदत होती ३१ मार्च २०१३, शिरूर-दौंडसारख्या नगरपालिकांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५. आमच्याकडे बॉक्स आला आणि स्प्लिटरची जादू संपली. बॉक्समधून वायर वर नेता येते, पण मग दोन्ही टीव्हींवर एकच चॅनल! आम्ही तेही करून पाहिलं. रिमोट खाली, आजी वर, आणि जिन्यातून आरडाओरडा.

असं का? वायरमधून सगळ्यांकडे सगळे चॅनल येतातच, फक्त कुलूपबंद. कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली सिग्नलबरोबरच येते, पण ती वापरायचा परवाना तुमच्या बॉक्समध्ये लागतो. पैसे भरले की तुमच्या बॉक्सच्या नावाने परवान्याचा मेसेज त्याच वायरमधून येतो. नाही भरले तर कोणी खांबावर चढून वायर कापत नाही. परवाना संपतो, बस्स. म्हणजे नियम बॉक्स मोजतो आणि आपण घर मोजतो. सगळी भांडणं इथेच.

खरी गंमत २०१९ ला. मी तेव्हा आठवीत. 'ट्राय'चा नवा नियम १ फेब्रुवारीपासून: हवे तेच चॅनल निवडा. पहिल्या १०० चॅनलचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनलचे पैसे वेगळे. कागदावर ग्राहक राजा! पण आजीला चॅनलचं नाव कुठे माहीत? तिला नंबर आणि मालिकेची वेळ पाठ. आमची निवड राहूनच गेली आणि मालिका बंद. आजीला वाटलं, बाबांनी पैसे भरले नाहीत. दोन दिवस ती त्यांच्याशी तुटक बोलत होती. निवड न केलेल्यांसाठी ट्रायनेच नंतर ३१ मार्चपर्यंत मुदत वाढवली, म्हणजे आम्ही एकटे नव्हतो! शेवटी केबलवाल्याने पुढे केलेलं पॅकेज घेतलं, नको त्या चॅनलसकट.

दौंडच्या आजोबांनी फॉर्म भरलाच नाही. त्यांनी 'डीडी फ्री डिश' बसवली: एकदाच छत्रीचे नि बॉक्सचे पैसे, महिन्याचं भाडं नाही. पण मोठ्या कंपन्यांनी आपले काही हिंदी चॅनल मार्च २०१९ पासून तिथून काढून घेतले. ते जून २०२० मध्ये परत आले. मधल्या काळात आजोबा म्हणायचे, "सह्याद्री आहे की!"

आता आजी मालिका मोबाईलवर बघते. ॲपचं लॉगिन आत्याचं, आणि एका वेळी दोघांनीच बघायचं असा नियम. आत्याकडे टीव्ही चालू असतोच. मी होस्टेलवर मॅच लावली की आजीचा फोन येतो, "तुझं बंद कर गं, माझं लागत नाहीये!"