उलाढाल निसर्गाची, थकबाकी माणसाची

पारा नवनवे उच्चांक गाठतो आहे आणि पावसाने आपले जुने वेळापत्रक सोडले आहे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद उरला आहे तो कारणाविषयी. घरातील ज्येष्ठ म्हणतात, "हे निसर्गाचे चक्र आहे, असे चढउतार होतच आले आहेत." नवी पिढी म्हणते, "ही माणसाचीच करणी आहे." आणि मध्यस्थी करणारे कोणी सौम्यपणे सुचवितात, "दोन्ही बाजूंत थोडे थोडे तथ्य असेल." समन्वयाची ही वृत्ती घरात आणि व्यवहारात शोभून दिसते, परंतु हिशेबाच्या प्रश्नात ती अपुरी पडते. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही, तर 'थोडी रक्कम इकडे गेली असेल, थोडी तिकडे' असे म्हणून कोणताही सचोटीचा व्यापारी वही मिटून ठेवीत नाही. तो एकेक नोंद ताडून पाहतो. पृथ्वीच्या तापमानाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले आहे. सुज्ञ वाचकहो, त्या नोंदी आपणही एकदा डोळ्यांखालून घालू या.

निसर्गाची बाजू

प्रथम ज्येष्ठांच्या म्हणण्याला न्याय दिला पाहिजे, कारण ते निराधार नाही. निसर्गाने पृथ्वीचे हवामान अनेकदा पालटले आहे आणि त्याचा एक भव्य पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतच उभा आहे. सह्याद्रीचे काळे कडे हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर आहेत. लाखो वर्षे टप्प्याटप्प्याने चाललेल्या त्या उद्रेकांतून वायूंचे प्रचंड लोट बाहेर पडले आणि तत्कालीन हवामानावर त्यांचा परिणाम झाला.

त्यानंतरच्या काळात हिमयुगे आली आणि गेली. सर्बियाचे गणितज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की पृथ्वीची कक्षा, तिच्या आसाचा कल आणि त्या आसाचे डोलणे यांत हजारो वर्षांच्या गतीने बदल होतात आणि त्यांमुळे हिमयुगांचे चक्र फिरते. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शिगेला पोहोचला होता. त्यातून बाहेर पडून आजच्या सुखद हवामानापर्यंत यायला पृथ्वीला जवळजवळ दहा हजार वर्षे लागली.

म्हणजे निसर्ग हवामान बदलू शकतो, हे निर्विवाद आहे. परंतु 'करू शकतो' आणि 'या वेळी त्यानेच केले' ही दोन वेगळी विधाने आहेत. कक्षेतील बदलांना हजारो वर्षे लागतात. आजची वाढ मात्र दीडशे वर्षांच्या आत, तीही बहुतांशी गेल्या पन्नास वर्षांत झालेली आहे. मग दुसरा कोणता नैसर्गिक घटक इतक्या लवकर काम करू शकतो?

सूर्य आणि ज्वालामुखी

पहिला संशय स्वाभाविकपणे सूर्यावर जातो. १९७८ पासून उपग्रह सूर्याच्या ऊर्जेचे सतत मोजमाप करीत आहेत. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण एका दशांश टक्क्याने कमीअधिक होते. परंतु या सर्व काळात तिच्यात वाढीचा कल दिसत नाही. पृथ्वी तापत गेली, सूर्य होता तसाच राहिला.

दुसरा संशय ज्वालामुखींवर. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो पर्वताचा महास्फोट झाला. त्याने पृथ्वी तापविली नाही. उलट वर उसळलेल्या गंधकयुक्त कणांच्या पडद्याने ऊन अडले आणि जगाचे सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने खाली आले. राहिला प्रश्न ज्वालामुखींतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजेच कर्बवायूचा. जगातील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा कर्बवायू सोडतात, तो माणसाने सोडलेल्या कर्बवायूच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

उलाढाल आणि शिल्लक

आता या वादातील सर्वांत वजनदार आक्षेप पाहू. आक्षेप असा, की निसर्ग दरवर्षी हवेत जितका कर्बवायू सोडतो, त्याच्या तुलनेत माणसाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के आहे. मग एवढ्याशा वाट्यावर सारा दोष का ठेवावा?

हा आकडा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे, हे समजायला व्यापारी घराण्यातील माणसाइतका योग्य वाचक दुसरा नाही. येथे उलाढाल आणि शिल्लक यांची गल्लत झाली आहे.

वनस्पतींचा श्वास, पालापाचोळ्याचे कुजणे आणि सागराचा पृष्ठभाग यांतून दरवर्षी प्रचंड कर्बवायू बाहेर पडतो. आणि प्रकाशसंश्लेषणातून व सागरात विरघळून जवळजवळ तेवढाच परत घेतला जातो. ही एखाद्या जुन्या, भरवशाच्या पेढीची उलाढाल आहे. आवक मोठी, जावकही मोठी. वर्षअखेरीस खाते जवळपास समतोल. दक्षिण ध्रुवाजवळील बर्फाच्या खोल थरांत अडकलेले प्राचीन हवेचे बुडबुडे तपासून शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांचा हिशेब उलगडला आहे. एवढ्या दीर्घ काळात हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कर्बवायूचे रेणू १८० ते ३०० या मर्यादेतच राहिले. औद्योगिक युगाच्या आरंभी ते सुमारे २८० होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ मध्ये त्यांनी ४२० ओलांडली होती.

आता ताळमेळ पाहू. १८५० ते २०१९ या काळात कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळून, सिमेंट बनवून आणि जंगले तोडून माणसाने सुमारे २ लाख ४० हजार कोटी टन कर्बवायू हवेत सोडला. हवेत प्रत्यक्ष वाढ झाली ती सुमारे १ लाख कोटी टनांची. म्हणजे आपण जेवढे सोडले, त्याच्या निम्म्याहूनही कमी हवेत उरले. बाकीचे कोठे गेले? जंगलांनी, मातीने आणि सागराने ते शोषून घेतले.

या एका आकड्यात वादाचा निकाल आहे. निसर्ग जर हवेत भर घालीत असता, तर हवेतील वाढ आपण सोडलेल्या कर्बवायूपेक्षा अधिक असायला हवी होती. ती निम्म्याहूनही कमी आहे. निसर्गाचे खाते आज जमा करणाऱ्याचे आहे. आपली अर्ध्याहून अधिक देणी तो मुकाट्याने फेडतो आहे. थकबाकी उरली आहे ती संपूर्ण आपली.

नाण्यावरील छाप

हिशेब जुळला तरी चोख मुनीम नाणेही पारखून घेतो. हवेतील वाढीव कर्ब कोणाच्या घरचा, हे त्याच्या अंगावरच्या छापावरून ओळखता येते.

सजीवांच्या देहात कर्बाचा एक किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. मृत्यूनंतर तो सुमारे ५,७०० वर्षांत निम्मा, असा घटत जातो. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे जुने असल्यामुळे त्यांत तो मुळीच उरलेला नाही. १९५५ साली हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने झाडांच्या वर्षवलयांवरून दाखविले, की हवेतील कर्बात या किरणोत्सारी प्रकाराचे प्रमाण घटत चालले आहे. म्हणजे जुन्या, 'मृत' कर्बाची भेसळ होते आहे.

दुसरी खूण प्राणवायूची. इंधन जळताना प्राणवायू खर्च होतो. ज्वालामुखीतून किंवा सागरातून कर्बवायू बाहेर पडताना तो खर्च होत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण अत्यंत सूक्ष्म का होईना, परंतु सातत्याने घटत असल्याचे मोजमापांत दिसते. श्वासोच्छ्वासाला त्यामुळे धोका नाही. मात्र काहीतरी जळते आहे, याची ती साक्ष आहे.

तिसरी खूण उंचावरील हवेत आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरण तळापासून माथ्यापर्यंत तापले असते. कर्बवायूचे वर्तन निराळे आहे. तो खालची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून खाली ताप वाढतो आणि वरचा थर, ज्याला स्थितांबर म्हणतात, तो थंड होतो. स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदराल्ड यांच्यासह १९६७ सालीच गणिताने हे भाकीत केले होते. पुढे उपग्रहांच्या नोंदींत तसेच आढळले. खालच्या स्थितांबरातील थंडाव्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही हात आहे. परंतु त्याच्या वरच्या भागात कर्बवायूचा ठसा स्पष्ट दिसतो. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने सर्व पुराव्यांची बेरीज मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून २०१० ते २०१९ या दशकापर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागाचे तापमान १.०६ अंशाने वाढले. त्यात मानवी कारणांचा वाटा सुमारे १.०७ अंश, सूर्य आणि ज्वालामुखी यांचा मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे जवळजवळ शून्य. 'दोन्हीकडे थोडे थोडे' असा हा निकाल नाही.

बाजारपेठेपर्यंत पोहोचलेली झळ

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हवेतील धुरकट कणांनी ऊन काही प्रमाणात अडविले नसते, तर ही वाढ अधिक दिसली असती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखविले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

धान्याच्या व्यापारात असलेल्यांना २०२२ चा उन्हाळा आठवत असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतात दाणे भरण्याच्या ऐन वेळी गव्हाला उष्णतेचा तडाखा बसला आणि उतारा घटला. युक्रेनमधील युद्धाने भाव आधीच चढले होते. १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने त्या उष्णतेच्या लाटेचा अभ्यास केला, तेव्हा मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तिची शक्यता सुमारे ३० पट वाढली होती, असे आढळले. आकाशातला हिशेब अशा रीतीने बाजारातल्या सौद्यापर्यंत येऊन पोहोचतो.

देणे कोणाचे?

येथे एक न्याय्य प्रश्न उभा राहतो. ही थकबाकी साऱ्या मानवजातीची सारखीच आहे काय? नाही. आजवर इंधन जाळून हवेत सोडलेल्या एकूण कर्बवायूत एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश आहे; भारताचा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आजही भारतीय माणसामागे होणारे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्यांनी अधिक उचल केली त्यांनी अधिक फेडावे, हा भारताचा आग्रह न्यायाचाच आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आपण झाकून ठेवू नये. वार्षिक उत्सर्जनात आपला देश आज जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे. शिवाय देशाची सरासरी ही कष्टकऱ्यांच्या काटकसरीने खाली राहिलेली असते. वातानुकूलित घरे, दोन-तीन मोटारी, वरचेवर होणारे विमानप्रवास आणि शेकडो पानांचे अन्न वाया घालविणारे विवाहसोहळे असलेल्या कुटुंबाने त्या सरासरीच्या आड उभे राहणे योग्य नव्हे.

कारण निसर्ग असता, तर आपण केवळ प्रेक्षक ठरलो असतो. सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते. कारण मानवी आहे, या निष्कर्षात म्हणूनच दोषाबरोबर दिलासाही आहे. जी नोंद आपल्या हाताने झाली, ती सुधारणेही आपल्याच हाती असते.

दिवाळीत आपण नव्या वहीचे पूजन करतो. त्या वहीत या वर्षी एक पान राखून ठेवावे. दुकान, गोदाम आणि घर यांत वर्षभरात वीज किती जळली, डिझेल-पेट्रोल किती लागले, धान्य आणि शिजविलेले अन्न किती वाया गेले, एवढे तीनच आकडे त्यावर लिहावेत. गोदामाच्या रिकाम्या छपरावर सौरपट्ट्या बसवाव्यात का, मालाच्या दोन फेऱ्या एकीत बसतील का, समारंभातील पदार्थांची संख्या कमी करता येईल का, याची उत्तरे ते आकडेच सुचवतील. पुढील दिवाळीत त्याच पानावर नवे आकडे लिहून दोन्ही वर्षांची तुलना करावी. खर्चाची जी बाब वहीत उतरते ती आटोक्यात येते, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे. पृथ्वीच्या खात्यालाही तो लागू पडतो.