पहिलीच्या वर्गासंबंधीं पालकांचे कांहीं प्रश्न

जूनच्या मध्यास शाळा उघडते, गोदावरीचें पाणी गढूळ होऊं लागतें आणि आमच्या प्राथमिक वर्गाच्या दाराशीं छत्र्या मिटून उभ्या असलेल्या पालकांची गर्दी होते. मुलाचा हात सोडतांना आईबाप जे प्रश्न विचारतात, ते वर्षानुवर्षें बहुधा तेच असतात. घंटा झालेली असते, म्हणून आम्ही घाईघाईनें अर्धेंच उत्तर देतों आणि आंत जातों. उरलेलें अर्धें या वार्षिकाच्या निमित्तानें देण्याचें योजिलें आहे.

सर्वांत अधिक विचारला जाणारा, व कधीं कधीं रागानेंही विचारला जाणारा, प्रश्न संख्यांविषयींचा आहे. "आमचा मुलगा एकवीस न म्हणतां वीस एक म्हणतो, शाळेनें मराठी बुडवावयाचें ठरविलें आहे काय?" बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत संख्यावाचनाची ही पद्धति दिसली, तेव्हां, म्हणजे सन २०१९ मध्यें, महाराष्ट्रभर गहजब उडाला, विधानसभेंतही त्यावरून थट्टामस्करी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्या वेळीं खुलासा केला कीं, जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत. जोडाक्षरांनीं व उलट्या क्रमानें अडखळणाऱ्या मुलांस ही दुसरी वाट दाखविली आहे इतकेंच.

आम्हांस वर्गांत जें दिसतें तें सांगतों. "सदतीस लिहा" म्हटलें कीं कांहीं मुलें पाटीवर ७३ लिहितात. तीं आळशी नसतात. कानांवर आधीं सात पडतो, मागून तीस येतात, आणि हात कानाचेंच ऐकतो. एकोणतीसची गोष्ट त्याहून कठीण. ऐकूं येतात तीस, लिहावयाचे मात्र दोन आणि नऊ! बरें, हा 'एकोण'चा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळून नव्व्याण्णवपाशीं मराठी स्वतःच तो मोडते. आमचे शेजारी कानडी व तेलुगू लोक दशक आधीं बोलतात, त्यामुळें त्यांच्या मुलांस ही अडचण पडत नाहीं. उलट जर्मन मुलास आपल्याप्रमाणेंच एकक आधीं ऐकावा लागतो, आणि तोही आपल्या मुलांसारखेच अंक उलटे लिहितो.

म्हणून आम्ही काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधवितों. तीन जुड्या व सात सुट्या काड्या हातीं आल्या म्हणजे "तीस आणि सात, म्हणजेच सदतीस" असें दोन्ही म्हणवून घेतों. जुनीं नांवें यावयास हवींतच. भाजीवाली "बहात्तर रुपये झाले" असेंच म्हणणार, तेथें सत्तर दोन चालावयाचें नाहीं. तेव्हां पालकांनीं मुलास बाजारांत बरोबर न्यावें. मात्र वीस एक म्हणतांच त्याच्या पाठींत धपाटा घालूं नये. ज्या आजोबांस पावकी, निमकी व औटकी अद्याप पाठ आहे त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. पण तीं पाठ करतांना आपण किती मार खाल्ला हें तेच हंसत हंसत सांगतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. मालेगांव, सटाण्याकडून नाशकांत आलेले पालक संकोचानें विचारतात, "घरीं अहिराणी बोलणें बंद करावें काय?" मुळींच नाहीं. येथें आमची स्वतःचीच चूक सांगणें प्राप्त आहे. एका मुलीस आम्ही दोन महिने गणितांत कच्ची समजत होतों. वर्गांत उभी केली कीं ती खालीं पाही. एके दिवशीं मधल्या सुटींत मैत्रिणीबरोबर चिंचोके मोजतांना ती अठ्ठेचाळीसपर्यंत बिनचूक गेली, परंतु घरच्या उच्चारांत! तिला मोजतां येत होतें. आमच्यासमोर बोलावयाची मात्र भीति वाटत होती, आणि ती भीति आमच्या वारंवार चुका सुधारण्यानें बसली होती. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही शक्य तेथें किमान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकविण्यास सांगितलें आहे. आम्ही धोरणाच्या आधीं चिंचोक्यांपासून शिकलों.

"दोन छड्या द्या, आमची हरकत नाहीं," असें म्हणणारे वडील अजून भेटतात. त्यांची हरकत नसली तरी कायद्याची आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ हीं दोन्ही निषिद्ध केलीं आहेत. चारचौघांत मुलास 'ढ' म्हणणें हें दुसऱ्यांत मोडतें असें आम्ही मानतों.

वही कोरी कां, असेंही पुष्कळ जण पुसतात. ज्या दिवशीं काड्या, चिंचोके, गोष्टी यांत तास गेला, त्या दिवशीं ती कोरी राहते.

आणि सर्वांच्या मागून एखादी आई हळूच विचारते, "बाई, माझं पोर मागं तर पडलं नाहीं ना?" तिला आमचें सांगणें असें कीं, दिवाळीपर्यंत शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. मूल फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत असेल, किंवा पाठीमागून मारलेली हांक त्यास ऐकूं येत नसेल, तर मात्र दिवाळीचीही वाट न पाहतां डोळे व कान डॉक्टरांस दाखवावे. एरव्हीं शनिवारीं शाळा सुटल्यावर वर्गांत यावें. आम्ही तेथेंच असतों, आणि काड्यांच्या जुड्याही.