पात्याचे तास

हेलिकॉप्टरचं पातं काढून टाकायची वेळ येते तेव्हा ते बहुतेकदा धडधाकट दिसतं. रंग शाबूत, कुठे पोचा नाही. नवा मुलगा हमखास विचारतो, "सर, याला झालंय काय?" झालेलं काही नसतं, त्याचे तास भरलेले असतात. वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो, निवृत्तीनंतर नागपुरात दाभ्याला राहिलो. जवळच वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. मी-८ आणि मी-१७ हेलिकॉप्टरं पूर्ण उघडून पुन्हा उभी करणारा चंदीगडचा डेपो याच कमांडखाली येतो. या भागात हा प्रश्न अजून कानावर येतो, आणि त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

मी-१७च्या मुख्य रोटरला पाच पाती. व्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१ मीटरच्या वर, मिनिटाला साधारण १९२ फेरे. पात्याचं टोक ताशी सुमारे ७७० किलोमीटरने फिरतं. हेलिकॉप्टर ताशी २२०ने पुढे निघालं, की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला वारा ९९०च्या वेगाने भिडतो, मागे जाणाऱ्याला ५५०च्या. उचल सारखी बदलते. पातं वर जातं, खाली येतं, वाकतं, सरळ होतं. असं तासाला ११,५२० वेळा. शंभर तासांत साडेअकरा लाख.

यातला एकही हेलकावा पातं मोडण्याइतका मोठा नसतो. सायकलचा स्पोक एखाद्या दिवशी रिकाम्या सायकलीवरही तुटतो, हबजवळच्या वाकणात, तसंच हे आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आउगुस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून धातूच्या या थकव्याचा हिशेब मांडला. पोलादाला एक मर्यादा असते. भार तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसा हेलकावाही खात्यात जमा होत राहतो. आणि या पात्यांचा कणा, म्हणजे स्पार, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच. म्हणून लॉगबुकातल्या तासांवर माझा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास.

तडा सुरू होतो एखाद्या ओरखड्यापासून, गंजाच्या टाचणीएवढ्या खड्ड्यापासून. रंग खरवडायला टोकदार हत्यार हातात घेणाऱ्या पोरावर आम्ही का ओरडायचो, ते यावरून कळेल. तुटलेला तुकडा हातात घेतला तर सगळी हकीकत त्यावर असते: एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर ओसरत्या पाण्यानं वाळूत सोडाव्यात तशा रेषा. तडा इथूनच पावलापावलानं सरकला. उरलेला भाग खडबडीत. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला.

मला सगळ्यांत आवडते ती स्पारमधल्या हवेची युक्ती. मी-८ आणि मी-१७चा स्पार आतून पोकळ असतो. तो दोन्हीकडून बंद करून आत दाबाखाली हवा भरतात, आणि मुळाशी पारदर्शक टोपीचं एक छोटं दर्शक बसवतात. स्पारला आरपार तडा गेला, की हवा निसटते, दाब उतरतो आणि टोपीत लाल पट्टा दिसू लागतो. अमेरिकेत सिकोर्स्कीच्या धातूच्या पात्यांतही हीच कल्पना, फक्त आत नायट्रोजन. दाब तापमानाबरोबर बदलतो, म्हणून नागपूरच्या मे महिन्यातली भरणी आणि डिसेंबरातली भरणी एकच असून चालत नाही. लाल दिसल्यावर कधी कधी सील किंवा व्हॉल्वच गळका निघतो. पण आधी हवा भरून उड्डाण, मग शोध, असं करणाऱ्याला मी पात्याजवळ उभं करणार नाही.

हे दर्शक फक्त स्पारपुरतं बोलतं. १४ ऑगस्ट १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळ कॉम्प्टनला सिकोर्स्की एस-६१ कोसळलं, २१ जण गेले. पातं ज्या पोलादी स्पिंडलवर धरलेलं असतं, त्यातच थकव्याचा तडा होता.

आज ध्रुवसारख्या हेलिकॉप्टरची पाती तंतू आणि रेझिनची असतात. ती वेगळ्या तऱ्हेनं खराब होतात. थर सुटतात, पण सहसा एकदम मोडत नाहीत. गिअरबॉक्स मात्र धातूचाच राहिला. २९ एप्रिल २०१६ला नॉर्वेत बर्गनजवळ एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा अख्खा रोटर हवेतच सुटला. १३ जणांचा जीव गेला. गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकात तडा पृष्ठभागाखाली वाढत गेला होता. तेलातले धातूचे कण पकडणारी यंत्रणा होती, पण कण फारसे सुटलेच नाहीत आणि इशारा आला नाही. पुढे उड्डाणबंदी उठवताना युरोपच्या नियामकांनी त्या चाकाच्या दोन प्रकारांपैकी एकच वापरायला परवानगी दिली, आणि त्याचेही तास कमी केले.