58 पूर्ण झाली: पेन्शन लगेच घ्यायची की थांबायचं?

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा बुटीबोरीतला कारखाना असो, साखर कारखाना असो की एसटी. तिथून निवृत्त होणाऱ्या बहुतेकांची पेन्शन एकाच योजनेतून येते. 16 नोव्हेंबर 1995 रोजी लागू झालेल्या या कर्मचारी पेन्शन योजनेला लोक नुसतं ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात. तिच्याबद्दल कानावर येणारे सल्ले मात्र बहुधा दुसऱ्याच योजनांचे असतात. मंत्रालयातून निवृत्त झालेले काका आपल्या पेन्शनचे नियम सांगतात, न्यू जर्सीतला भाचा तिकडचे सांगतो, आणि ज्याला अर्ज भरायचा आहे तो गोंधळतो. हा अर्ज आयुष्यात एकदाच भरायचा असतो आणि त्यावर ठरलेली रक्कम पुढची वीस-पंचवीस वर्षं तशीच राहते. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

‘पासबुकात पेन्शनचे जेवढे जमलेत, तेवढे माझे’

पीएफच्या पासबुकात तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. पहिल्या दोन्हींवर व्याज चढतं. पेन्शनच्या रकान्यावर चढत नाही. मालक जे 12 टक्के भरतो त्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात, तेही 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे पगार 60,000 असला तरी तिकडे महिन्याला 1,250 रुपयेच जातात. हे पैसे सगळ्यांच्या सामाईक फंडात पडतात. तिथे कुणाचंही स्वतंत्र खातं नसतं.

तुमची पेन्शन या जमा रकमेवरून ठरत नाही, सूत्रावरून ठरते. शेवटच्या 60 महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी काढायची, तिला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. सरासरी 15,000 आणि सेवा 20 वर्षं असेल, आणि सदस्य 58 पूर्ण करून निवृत्त होत असेल, तर नियमाप्रमाणे सेवेत 2 वर्षं बोनस मिळून 22 धरतात. उत्तर येतं महिना सुमारे 4,714 रुपये. हातात पडणारी रक्कम बहुधा याहून कमी असते, कारण 1 सप्टेंबर 2014 च्या आधी पगाराची मर्यादा 6,500 होती आणि त्या काळातली सेवा त्याच हिशेबाने मोजली जाते. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. ही रक्कम किती तोकडी आहे यावर बुलढाण्यापासून दिल्लीच्या जंतरमंतरपर्यंत पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले आहेत, आणि माझ्या मते त्यांची मागणी अगदी न्याय्य आहे.

‘थांबलं की पेन्शन वाढते, म्हणून जितकं थांबता येईल तितकं थांबा’

हा सल्ला अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीला चांगला लागू पडतो. तिथे 1960 मध्ये किंवा नंतर जन्मलेल्याने 67 ऐवजी 70 व्या वर्षी पैसे सुरू केले, तर थांबलेल्या प्रत्येक वर्षाला 8 टक्के वाढ मिळते आणि वर महागाईप्रमाणे रक्कमही वाढत जाते. आपल्याकडे 58 नंतर थांबायची मुभा आहे ती 60 पर्यंतच, आणि वाढ आहे वर्षाला 4 टक्के.

हिशेब करून बघू. 58 व्या वर्षी 5,000 रुपये पेन्शन बसते असं धरा. दोन वर्षं थांबलात तर 24 महिन्यांचे 1,20,000 रुपये सोडून द्यावे लागतात. 60 नंतर महिन्याला मिळतात सुमारे 5,400, म्हणजे 400 रुपये जास्त. सोडलेले 1,20,000 रुपये 400-400 ने भरून यायला 300 महिने लागतात, म्हणजे 25 वर्षं. तोवर तुम्ही पंच्याऐंशीच्या घरात पोचलेले असता. शिवाय ते पैसे वेळेवर घेऊन पोस्टात ठेवले असते तर त्यांच्यावर व्याज मिळालं असतं, ते यात धरलेलंच नाही. महागाईबरोबर पेन्शन वाढत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षांनंतरच्या 400 रुपयांत आजच्या 400 इतकं काही येणारही नाही. ज्यांच्या घराण्यात नव्वदी गाठणं नेहमीचं आहे आणि ज्यांना आज पैशांची निकड नाही, त्यांनी थांबावं. बाकी बहुतेकांनी 58 पूर्ण झाल्यावर पेन्शन सुरू करावी, असं मला आकड्यांवरून स्पष्ट दिसतं.

नुसता अर्ज करायला उशीर झाला म्हणून वाढ आपोआप मिळेल असंही कुणी धरून चालू नये. पेन्शन पुढे ढकलणं हा सदस्याने स्वतः निवडायचा पर्याय आहे.

‘नोकरी चालू आहे, मग पेन्शन कशी मिळेल?’

मिळते. हा गैरसमज सर्वात महाग पडतो, कारण तो बाळगणाऱ्यांना आपण काही गमावतोय याची कल्पनाच नसते. कंपनीत निवृत्तीचं वय 60 असतं, किंवा मालक मुदतवाढ देतो, आणि कामगार समजतो की राजीनामा दिल्यावरच फॉर्म भरायचा. प्रत्यक्षात 58 पूर्ण झाल्या दिवशी पेन्शन योजनेतलं सदस्यत्व संपतं. त्यानंतर मालकाचे पूर्ण 12 टक्के तुमच्या पीएफ खात्यात जायला हवेत, पेन्शन फंडात काहीही जाता कामा नये. पगार चालू असतानाच फॉर्म 10-डी भरून पेन्शन सुरू करता येते. 58 पूर्ण होऊनही पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा 1,250 पडत असतील, तर कंपनीच्या एचआरकडे जाऊन ते दुरुस्त करून घ्या. नाहीतर पुढे दावा त्याच मुद्द्यावर अडकतो.

‘पन्नाशीनंतर कधीही घेतली तरी काही बिघडत नाही’

इथलं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. नोकरी सुटली असेल आणि सेवा 10 वर्षांची असेल, तर 50 ते 58 या वयात कमी दराने पेन्शन घेता येते. 58 ला जितकी वर्षं कमी, तितके प्रत्येक वर्षाला 4 टक्के कापले जातात, आणि ही कपात जन्मभराची असते. 58 झाल्यावर ती भरून निघत नाही.

आता तोच 5,000 चा हिशेब. 55 व्या वर्षी घेतली तर सुमारे 4,400 मिळतील. तीन वर्षांत हातात आलेले 1,58,400 रुपये महिना 600 च्या तोट्याने फिटायला 22 वर्षं लागतात, म्हणजे वय ऐंशीच्या आसपास. नुसत्या आकड्यांत पाहिलं तर हा सौदा लोक सांगतात तितका वाईट नाही. कंपनी बंद पडली, नवी नोकरी मिळत नाही, घरात औषधं आहेत आणि सावकाराकडे जायची वेळ आली आहे, अशा माणसाने ही पेन्शन घेण्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

खरा तोटा दुसरीकडे आहे. एकदा कमी दराची पेन्शन सुरू झाली की पेन्शन योजनेचं सदस्यत्व संपतं. पुढे 53 व्या वर्षी दुसऱ्या कंपनीत चिकटलात तरी ती सेवा पेन्शनमध्ये धरली जात नाही. 15,000 च्या सरासरीला सेवेचं प्रत्येक वर्ष महिना सुमारे 214 रुपयांचं आहे. ज्याची सेवा 18 वर्षांची आहे, त्याने आणखी दोन वर्षं कुठेही पीएफ लागू असलेली नोकरी केली तर सेवा 20 होते, आणि 58 पूर्ण केल्यावर बोनस धरून 22. चार वर्षांचा फरक म्हणजे महिना 850 रुपयांहून जास्त. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या पन्नाशीतल्या माणसाने ‘मी पुन्हा नोकरी करणार का?’ हा प्रश्न आधी सोडवावा आणि मगच 10-डी हातात घ्यावा.

‘10 वर्षं भरली नाहीत, पैसे काढून मोकळा होतो’

कंत्राटी कामगारांत हे फार चालतं. तीन वर्षं एका ठेकेदाराकडे, चार वर्षं दुसऱ्याकडे, आणि दर वेळी फॉर्म 10-सी भरून पेन्शनचा हिस्सा काढून घ्यायचा. प्रत्येक वेळी तेवढी सेवा पुसली जाते. वीस वर्षं घाम गाळलेला माणूस त्यामुळे कागदावर तीन वर्षांचा नोकर ठरतो. त्याच 10-सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. ते पुढच्या नोकरीत जमा केलं की जुनी आणि नवी सेवा जोडली जाते. सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षं झालेली असतील तर 10 झाली असंच समजा. 10 भरली की मग हा हिस्सा एकरकमी काढता येत नाही, पेन्शनच घ्यावी लागते, आणि माझ्या मते ते कामगाराच्या भल्याचंच आहे.

‘फंड तसाच राहू द्या, बँकेपेक्षा व्याज जास्त’

2024-25 साठी पीएफचा दर 8.25 टक्के होता, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण पंचावन्ननंतर निवृत्त होऊन 36 महिने दावा केला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. शिवाय नोकरी सुटल्यानंतर मिळालेलं व्याज करपात्र असतं. वर्षभर ठेवायला हरकत नाही, दहा वर्षं ठेवण्याची ती जागा नव्हे.

मग एकरकमी फंड आणि ग्रॅच्युइटीचं काय करायचं? खासगी नोकराची पेन्शन इतकी लहान असते की घर खरोखर चालतं ते या रकमेवर. म्हणून मला वाटतं, आधी पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना भरावी. मर्यादा माणशी 30 लाख. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. खातं उघडताना जो दर असेल तो 5 वर्षं बदलत नाही. 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात, म्हणजे महिना 20,500. साठी झालेल्या कुणालाही हे खातं उघडता येतं. 55 ते 60 वयात निवृत्त झालेल्यालाही येतं, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत. ही मुदत ‘बघू नंतर’ म्हणत चुकवणारे पुष्कळ आहेत. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांच्या नावावर वेगवेगळी खाती निघतात. व्याजावर कर लागू होतो, हे धरूनच हिशेब करावा.

आपल्याकडचा मोठा धोका मात्र ओळखीच्या पतसंस्थेत असतो. अर्धा-एक टक्का जास्त व्याज, चेअरमन गल्लीतलाच, म्हणून सगळा फंड तिथे जातो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, एक रुपयाचाही नाही. आणि बँकेतही 5 लाखांच्या वरची रक्कम उघडीच असते. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, आणि रांगेत पांढऱ्या केसांची माणसं उभी होती. 2022 मध्ये पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना रद्द झाला, तोही अनेक वर्षांच्या निर्बंधांनंतर. निवृत्तीचे 20 लाख एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. चार ठिकाणी फिरावं लागलं तरी चालेल.

सगळं व्याज खर्चून मुद्दल शाबूत ठेवलं म्हणजे झालं, हीही एक समजूत आहे. महागाई 6 टक्क्यांनी वाढत राहिली तर 12 वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. साठीला पुरणारे 20,500 रुपये बहात्तरीला आजच्या दहा-साडेदहा हजारांइतकेच उरतात, आणि औषधांचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो. शक्य असेल त्यांनी पहिल्या काही वर्षांत व्याजाचा एक भाग परत गुंतवावा. मुलाच्या फ्लॅटसाठी फंडातले दहा लाख देण्यापूर्वी हा हिशेब मुलासमोर मांडावा. तो ऐकून बहुतेक मुलं स्वतःच रक्कम कमी करतात.

‘नवरा गेला की पेन्शन गेली’

जात नाही. पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला, किंवा पेन्शनर स्त्री असेल तर पतीला, निम्मी पेन्शन मिळते आणि तिलाही दरमहा 1,000 रुपयांचा तळ आहे. 25 वर्षांखालच्या दोन मुलांना एका वेळी तिच्या पाव-पाव हिश्शाची वेगळी पेन्शन मिळते. त्यासाठी पुन्हा 10-डी फॉर्मच भरावा लागतो, आणि त्या वेळी पत्नीचं नाव, जन्मतारीख व आधार पीएफच्या नोंदीशी जुळायला हवं. पीएफमधलं लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं, त्यामुळे कामाला लागताना आईचं नाव लिहून विसरलेल्यांनी ई-नॉमिनेशन आजच भरावं. हयातीचा दाखला या योजनेत वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो भरता येतो, आणि हे पत्नीलाही शिकवून ठेवा.