परदेशी विद्यार्थी वर्गात रमावा म्हणून

पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, मॉरिशस अशा अनेक देशांतले तरुण गेली कित्येक वर्षे येथे शिकायला येतात. त्यांना प्रवेश देणे त्या मानाने सोपे. तो विद्यार्थी शेवटच्या परीक्षेपर्यंत अभ्यासात टिकून राहणे, हे खरे काम.

परदेशी मुलगा वर्गात गप्प बसला, की त्याला विषयात रस नाही असे आपण ठरवून टाकतो. कारण बहुधा वेगळेच असते. फारसी किंवा अरबी माध्यमात शिकलेल्या मुलाला पुस्तकातले इंग्रजी कळते. पण आपल्या उच्चारांची सवय त्याच्या कानाला नसते. त्यातच प्राध्यापक मध्येच मराठी किंवा हिंदीत एखादा मुद्दा सांगतात, वर्ग हसतो आणि हा शेजाऱ्याच्या वहीत डोकावत राहतो. असे रोज झाले, की धागा सुटतो. मग तास बुडू लागतात.

अडचणी वर्गाबाहेरही असतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ऐन पहिल्या दोन आठवड्यांत तो खोली शोधत आणि कागदपत्रे गोळा करत फिरत असतो. कधी संकट मायदेशी कोसळते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधली सत्ता बदलली, तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरच्यांची काळजी, पैशांची चणचण आणि व्हिसाची मुदत असे सगळेच प्रश्न एकदम उभे राहिले. अशा वेळी पुस्तकात लक्ष कसे लागणार?

अमेरिकेतील अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये एक विचार मांडला. विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतो की पुरे करतो, हे केवळ त्याच्या बुद्धीवर ठरत नाही. अभ्यासात आणि संस्थेतल्या माणसांत तो किती मिसळला, यावरही ठरते. हे आपल्याकडे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी अनुभवातून ओळखले होते. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. ते पाहून परदेशी मुलांचे एकटेपण त्यांच्या मनाला भिडले. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘सिंबायोसिस’मागे ही प्रेरणा होती.

प्रत्येकाला संस्था काढणे शक्य नाही. पण त्याची गरजही नाही. प्राध्यापकांनी तासाचे मुख्य मुद्दे फळ्यावर लिहावेत, मराठीत सांगितलेले इंग्रजीतही सांगावे. पहिला छोटा लेखी स्वाध्याय महिन्याभरात तपासून परत द्यावा, म्हणजे कुठे अडते ते वेळेवर कळते. जुन्या प्रश्नपत्रिका दाखवून आपल्याकडे उत्तर कसे लिहितात ते समजावावे, कारण परीक्षेची रीत देशोदेशी वेगळी असते. एका स्थानिक विद्यार्थ्याची जोडी लावून द्यावी. आणि त्याचे नाव नीट उच्चारायला शिकावे. सलग दोन-तीन तास तो दिसला नाही, तर कार्यालयातून नोटीस धाडण्याआधी कोणीतरी फोन करावा.

दिवाळीच्या सुटीत वसतिगृह ओस पडते, खानावळीही बंद असतात. त्या दिवसांत आपल्या मुलाच्या वर्गातला असा मित्र घरी फराळाला बोलावला, तर तेही शिक्षणाला लावलेला हातभारच ठरेल.