सोळा मिलिसेकंदांत मोसंबीची बाग

जुन्या लॅपटॉपच्या बाजारात आजही सहज मिळणारं एक यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-थ्री, 4 जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, 1366 बाय 768 चा स्क्रीन. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच. प्रोसेसरच्याच पोटातलं इंटेल एचडी 4400 काय ते काम करणार. जालना, अंबड किंवा परतूरहून पॉलिटेक्निकला जाणाऱ्या एखाद्या पोराच्या सॅकमध्ये असं यंत्र असलं, तर मित्र हमखास म्हणतात, ‘यावर धड गेम चालत नाही, तू बनवणार कसा?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आहे.

गेम साधा धरू. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून बाग मोसंबीचीच. एक राखणदार, फळं लुटायला येणारी वानरं, मागे टेकडी, वर ऊन.

गेम सुरळीत दिसायचा तर सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम्स, तयार व्हाव्या लागतात. एका फ्रेमच्या वाट्याला येतात 16.67 मिलिसेकंद. वानरानं उडी कुठे मारायची हे ठरवणं, राखणदार झाडाला धडकला का ते पाहणं आणि सगळं दृश्य रंगवणं, हे तेवढ्यात उरकायचं. 30 फ्रेम्सवर समाधान मानलं तर वेळ दुप्पट, 33 मिलिसेकंद. पुढची सगळी खटपट या हिशेबाचीच आहे.

इंजिन गोदो घेऊ. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी ते बनवलं आणि 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. विंडोजसाठीची झिप फाइल शंभर एमबीच्या आतली, इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. अनरियलसारखं इंजिन कित्येक जीबी जागा मागतं; ते या यंत्रावर उघडायचा हट्ट मी तरी धरणार नाही.

नवा प्रोजेक्ट करताना गोदो 4 विचारतं, रेंडरर, म्हणजे दृश्य रंगवणारा भाग, कोणता हवा: फॉरवर्ड प्लस, मोबाइल की कम्पॅटिबिलिटी? पहिल्या दोन्हींना व्हल्कनसारखी नवी ग्राफिक्स प्रणाली लागते, आणि एचडी 4400 साठी विंडोजवर इंटेलचा व्हल्कन ड्रायव्हरच नाही. म्हणून कम्पॅटिबिलिटी. तिला ओपनजीएल 3.3 पुरतं. काही झगमगीत सोयी सोडाव्या लागतात, पण जुन्या यंत्रावर गाडी हलते ती इथूनच.

आता लगेच झाडांची पानं कमी करायला धावायचं नाही. आधी मोजायचं. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम्सचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग, बंद करून गेम चालवावा आणि डीबगर पॅनेलमधल्या मॉनिटर्समध्ये फ्रेमचा वेळ व ड्रॉ कॉल्स पाहावेत. मग गेमची विंडो ओढून निम्मी करावी. वेग एकदम वाढला, तर ग्राफिक्स चिपला पिक्सेल रंगवणं जड जातंय. फरक पडला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरकडे आहे: स्क्रिप्ट, भौतिकी किंवा ड्रॉ कॉल्स. या एका चाचणीनं पुढचे कितीतरी तास वाचतात, तरी बहुतेक जण ती करत नाहीत.

बाग 6 बाय 6 मीटर अंतरावर लावली तर हेक्टरी 277 झाडं बसतात. प्रत्येक झाडाला खोडाचं एक आणि पानांचं एक मटेरियल धरलं, तर झाडं रंगवण्यासाठीच प्रोसेसरनं ग्राफिक्स चिपला 554 हुकूम द्यायचे, दर फ्रेमला. हे ड्रॉ कॉल्स. त्रिकोण मोजके असले तरी हुकूम देण्यातच आय-थ्री दमतो. मोंढ्यात एकाच शेतकऱ्याच्या पाचशे पोत्यांच्या पाचशे पावत्या फाडाव्यात, तसं. गोदोतला मल्टिमेश एकाच पावतीवर सगळी पोती चढवतो: एकच झाड, त्याच्या 277 जागांची यादी सोबत, आणि हुकूम फक्त दोन.

यात एक मेख आहे. मल्टिमेश दिसतो तर अख्खा, लपतो तर अख्खा. राखणदार बांधावर उभा राहून दोनच झाडं पाहत असला तरी पाठीमागची सगळी बाग चिपकडे जाते. म्हणून बागेचे नऊ वाफे पाडून नऊ मल्टिमेश करावेत. सगळे दिसले तरी 18 हुकूम, आणि पाठीमागचे वाफे आपोआप गळतात. किती वाफे पाडायचे याचा नियम नाही. पुन्हा मॉनिटरकडे बघायचं.

पानांचं दुखणं वेगळं आहे. पानांचा गुच्छ हा खरं तर चौकोनी चित्र असतो, भोवतीचा भाग पारदर्शक. एकामागे एक दहा गुच्छ आले की तोच पिक्सेल दहा वेळा रंगतो. विंडो लहान केल्यावर वेग वाढला असेल, तर संशयित हाच. मटेरियलमध्ये साध्या अल्फाऐवजी अल्फा सिझर निवडला की पिक्सेल एकतर पूर्ण रंगतो नाहीतर मुळीच नाही. धूसर मिश्रण करावं लागत नाही आणि झाकलेली पानं बऱ्याच अंशी वगळता येतात. कडा थोड्या करवतीसारख्या दिसतात, हे खरं.

सावली सगळ्यांत महाग. सूर्याची सावली पाडायची म्हणजे सूर्याच्या जागेवरून दृश्य पुन्हा रंगवायचं, आणि गोदोची मूळ सेटिंग अंतरानुसार त्याचे चार भाग करते. ते ऑर्थोगोनलवर आणून एकच ठेवावं, सावलीचं अंतर कमी करावं. वानरांच्या पायाखाली नुसता काळपट गोल ठेवला तरी चालतं. दुपारचं ऊन डोक्यावर असतं तेव्हा बागेत सावली असतेच किती!

काम कॅमेराही वाचवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ हा गेम अनरियल 4 वर बनवला आणि तो 2020 मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला. स्विचमध्येही रॅम 4 जीबीच. त्या खेळात कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. त्यामागचा हेतू काहीही असो, हलक्या यंत्रासाठी हे वरदानच: खेळाडूला दिसणारच नाही ती बाजू घडवावी लागत नाही. आपणही कॅमेरा थोडा उंचावर बांधून ठेवला तर क्षितिजापर्यंतची टेकडी रंगवण्याचं काम वाचतं.

रॅमबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: चित्राची फाइल जेवढी, तेवढीच रॅम लागते. 2048 बाय 2048 चं मातीचं चित्र डिस्कवर एक एमबीची पीएनजी फाइल असेल, पण स्मृतीत उलगडल्यावर ते 16 एमबी होतं. अशी दहा चित्रं म्हणजे 160 एमबी, आणि एचडी 4400 ला स्वतःची स्मृती नाही. ते विंडोजच्याच ताटातलं खातं. इम्पोर्टमध्ये व्हीरॅम कॉम्प्रेस्ड निवडावं आणि चित्र 512 वर आणावं. या स्क्रीनवर फरक सहसा कळत नाही. खिशात थोडे पैसे असतील तर दुसरी 4 जीबीची पट्टी बसवावी. जागा वाढते हा फायदा आहेच, पण दोन पट्ट्या जोडीनं चालल्या की स्मृतीची वाट दुप्पट रुंद होते आणि ग्राफिक्सला त्याचा थेट लाभ मिळतो. एसएसडीनं गेम लवकर उघडेल, फ्रेम्स वाढणार नाहीत.

स्क्रिप्टचं थोडक्यात. वानरानं राखणदार किती लांब आहे हे सेकंदाला 60 वेळा तपासायची गरज नाही, पाच वेळा पुरे. आणि सगळ्या वानरांनी एकाच फ्रेममध्ये तपासू नये.

सरासरी चांगली असूनही गेम मधेच अडखळतो, तेव्हा बहुधा एखादं मटेरियल पहिल्यांदाच पडद्यावर आलेलं असतं आणि त्याचा शेडर, म्हणजे ते कसं रंगवायचं हे चिपला सांगणारा छोटा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे तयार होत असतो. गेममध्ये पहिला पाऊस पडला की झटका बसतो तो यामुळे. लोडिंगच्या पडद्याआड एकदा पाऊस पाडून घ्यावा.

मग मराठवाड्याचा उन्हाळा आणि जाणारी वीज. खोलीत चाळीसच्या घरात तापमान असलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वीज गेली की बॅटरी वाचवायला पुन्हा उतरवतो. सकाळी 60 फ्रेम्स देणारा गेम दुपारी 38 ते 52 मध्ये हेलकावे खातो, आणि डोळ्यांना हेलकावे जास्त खुपतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कमाल फ्रेम्स 30 वर बांधाव्यात. यंत्रही कमी तापतं. चाचणी मुद्दाम दुपारी, चार्जर काढून घ्यावी.

आणि मित्राकडे याहून जुना, दुसऱ्या पिढीचा लॅपटॉप असेल तर? विंडोजवर त्यातलं इंटेल एचडी 3000 ओपनजीएल 3.1 वरच थांबतं. त्याच्यासाठी गोदो 3 आणि त्याचा जीएलईएस 2 रेंडरर आहे. तो ओपनजीएल 2.1 वर चालतो. पण हे प्रोजेक्ट सुरू करण्याआधी ठरवावं लागतं. 3 मधलं काम 4 मध्ये नेण्याची सोय आहे, 4 मधलं 3 मध्ये आणण्याची नाही.